दोन गाण्यांमधलं बोलणं

लोणावळ्यात रेकॉर्डी जमवणं हा मुळातच हट्टाचा प्रकार. वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडणाऱ्या या गावात चामड्याच्या चपलांवर बघता बघता बुरशी चढते, तिथे रेकॉर्डीच्या पुठ्ठ्याच्या कव्हराची काय कथा! आमच्याकडे रेकॉर्डींच्या कपाटात पावसाळाभर चाळीसचा बल्ब जळत असे. त्याच्या उबेत लताबाई, भीमसेन आणि माझ्या शाळेच्या वह्या शेजारी शेजारी सुकत. कॅसेटी आल्या तेव्हा वाटलं, सुटलो. पण त्यांच्या टेपवरही पांढरे ठिपके धरू लागले आणि रविवारी कापूस-स्पिरिट घेऊन हेड पुसत बसणं आलं. त्यामुळे माझ्या आवडत्या अल्बमांच्या यादीत थोडी निवड पावसानेही केलेली आहे. जे तगलं तेच पुन्हा पुन्हा ऐकलं गेलं.

ती यादी आज बघताना जाणवतं की मला नुसती गाणी कधी पुरली नाहीत. दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी बोलायला लागतं.

ही खोड लागली ‘शिवकल्याण राजा’मुळे. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या 1974 सालचा हा अल्बम. संगीत हृदयनाथांचं, आवाज लताबाईंचा, शब्द समर्थ रामदास आणि कवी भूषणापासून सावरकर आणि कुसुमाग्रजांपर्यंतचे. आणि मधलं निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. आम्हा पोरांना गाण्यांच्या आधी ते निवेदन पाठ झालं, श्वास कुठे घेतलाय त्यासकट. आमच्या बाजूला हे सगळं ऐकणं वेगळंच होतं. मळवलीला उतरलं की समोर लोहगड-विसापूर. कुरवंडे घाटातून खाली गेलं की उंबरखिंड, जिथे 1661 मध्ये कारतलबखानाची फौज रानात कोंडली गेली. गोष्ट कुठे घडली हे बोटाने दाखवता येत होतं. इतिहास म्हणून त्या निवेदनातला शब्द न् शब्द मी आज स्वीकारणार नाही. पण प्रतापराव गुजरांवरच्या कवितेआधी ऐकणाऱ्याचं मन कुठे नेऊन ठेवायचं, हे पुरंदऱ्यांना अचूक कळलेलं होतं. गाणं सुरू होतं तेव्हा अर्धं काम झालेलं असतं. उरलेलं लताबाई करतात, तेही आवाज न चढवता. वीररस म्हणजे आरडाओरडा असं मानणाऱ्या सगळ्यांनी एकदा ते ऐकावं. (आमच्या फिएस्टा प्लेयरचे सेल उतरले की हाच आवाज हळूहळू घोगरा होत पुरुषी व्हायचा. तेही आम्ही हसत हसत पूर्ण ऐकायचो.)

‘अभंग तुकयाचे’ घरात आला तेव्हा वडिलांनी कौतुकाने इंदुरीच्या एका भजनीबुवांना ऐकवला. इंदुरी भंडारा डोंगराच्या पायथ्याशी, म्हणजे तुकोबांचा शेजारच. श्रीनिवास खळ्यांच्या चाली, पुन्हा लताबाईच. बुवा डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “गोड आहे हो. पण निरूपण कुठंय?” तेव्हा आम्हाला हसू आलं होतं. बुवांचं गाणं कीर्तनात वाढलेलं: अभंग म्हणायचा, थांबायचं, फोड करायची, दृष्टांत द्यायचा, पुन्हा त्याच चरणावर यायचं. पुरंदऱ्यांचं निवेदन आम्हाला इतकं का भिडलं, याचं उत्तर मला वाटतं बुवांच्या त्या प्रश्नात आहे. आपला कान कीर्तनाने घडवलेला. खळ्यांच्या चालींना मात्र निरूपण लागत नाही असं माझं मत आहे. त्या चरणाचा अर्थ सुरातच उलगडून दाखवतात. बुवांना हे पटवायचं राहूनच गेलं.

शब्दच नसलेला एक अल्बमही या यादीत आहे. 1967 चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस, अहिर भैरवाच्या पहाटेपासून पहाडीच्या रात्रीपर्यंत. तो घडवून आणला एचएमव्हीतल्या जी. एन. जोशींनी. भावगीताच्या सुरुवातीच्या काळातले हे मराठी गायक. गोष्ट सांगत गाणी ऐकवायची ही आवड त्यांनी इथूनच तिकडे नेली असावी, असा मला (पुराव्याशिवाय) संशय आहे. ऐकायची जागा सांगतो: लोणावळा लोकल. तळेगावला सुरू करावा. वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली मागे पडत पहाडीपर्यंत पोचेतो लोणावळा आलेलं असतं.

आमच्या घरात जे वाजत नसे पण कानावर सगळ्यात जास्त पडे, ते कार्ल्याच्या एकवीरेचं संगीत. चैत्रातल्या यात्रेला मुंबई, ठाणे, रायगडचे आगरी-कोळी डोंगराखाली उतरायचे ते बँजो-ढोलकीसकट. पायथ्याच्या दुकानांत नारळ, ओटीचं सामान आणि कॅसेटी एकाच फळीवर. कव्हरवर देवी, खाली गायकाचा फोटो, तोही देवीएवढाच. वडील नाक मुरडायचे. त्यांचं कोळीगीत म्हणजे ‘मी डोलकर’. शांता शेळके, हृदयनाथ, हेमंतकुमार आणि लताबाई, सगळं कसं इस्त्रीचं. मलाही ते आवडतंच. पण यात्रेच्या कॅसेटींमध्ये गाण्याआधी एक माणूस ओरडून देवीला हाक मारायचा, गावांची, मंडळांची नावं घ्यायचा, आणि ठेका धरायच्या आत बसमधल्या बाया उभ्या राहिलेल्या असायच्या. ते बोलणं निवेदनापेक्षा वेगळं होतं. पुरंदरे गोष्ट सांगत. हा माणूस थेट ऐकणाऱ्यालाच गाण्यात ओढून घेई. त्या कॅसेटी तेव्हा विकत घ्यायला हव्या होत्या. आता फळीवर पेन ड्राइव्ह असतात.

आशाबाई आणि श्रीधर फडक्यांच्या ‘ऋतू हिरवा’बद्दल एवढंच म्हणतो की आमच्या कॅसेटची पहिली बाजू झिजली आणि दुसरी जवळजवळ कोरी राहिली. 1998 च्या ‘गारवा’चं तसं झालं नाही. मिलिंद इंगळेचं गाणं आणि त्याआधी सौमित्र कविता म्हणणार, हा साचा माझ्या जुन्या खोडीला अगदी मानवला. खरं तर त्यातला पाऊस आमचा नव्हेच. तो खिडकीत उभं राहून बघायचा शहरातला पाऊस. मावळातला पाऊस म्हणजे गुडघाभर चिखलात इंद्रायणी भाताची लावणी आणि आठ-आठ दिवस न वाळणारे कपडे. तरी ऐकला, भरपूर ऐकला.

आता हे सगळं फोनमध्ये आहे. बुरशी नाही, बल्ब नाही. पण चुकून शफल चालू राहिलं की पुरंदरे प्रतापरावांना नेसरीच्या खिंडीपर्यंत आणून सोडतात आणि पुढे ‘वेसावची पारू’ सुरू होते. म्हणून मी क्रम लावून यादी केली. मुलगी ती लोकलमध्ये ऐकते आणि निवेदन आलं की पुढे ढकलते. सौमित्रला मात्र ढकलत नाही. का, असं विचारलं तर म्हणाली, “बाबा, ते सभेत बोलतात. हा माझ्याशी बोलतो.”