घोरण्यावरचा दातांचा इलाज : दिग्रसहून घेतलेला मागोवा

संगीतकार बप्पी लाहिरी यांचं १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झालं. कारण म्हणून डॉक्टरांनी ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’चं नाव घेतलं, आणि तोवर फक्त डॉक्टरांच्या तोंडी असलेला हा आजार वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचला. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावात मात्र जोरात घोरणारा माणूस आजही ‘डाराडूर झोपलाय’ म्हणूनच ओळखला जातो. घोरणं मधेच थांबतं, काही सेकंद श्वासच येत नाही, मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज होऊन घोरणं पुन्हा सुरू होतं. हे बायकोला वर्षानुवर्षं माहीत असतं, पण डॉक्टरला कुणी सांगत नाही. गेल्या चार-साडेचार दशकांत या आजारावर जे इलाज निघाले, त्यांतला दातांवर बसवायचा इलाज आपल्याकडे सर्वांत कमी बोलला गेला. माझं म्हणणं असं की दिग्रससारख्या गावासाठी तो दुय्यम इलाज नाही. अट एकच, त्याआधी झोपेची तपासणी झालेली हवी.

झोपेत घसा बंद होऊन श्वास अडतो हे १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी रात्रभर नोंदी घेऊन दाखवलं. त्यानंतरची बरीच वर्षं खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट घशाच्या खालून काढायची. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीच आजची सीपॅप मशीन. याच सुमाराला टाळूचा भाग कापून घसा मोकळा करण्याची शस्त्रक्रियाही गाजली, पण तिच्याबद्दलच्या अपेक्षा पुढे बऱ्याच ओसरल्या. सीपॅप टिकली, कारण ती लावलेली असेपर्यंत काम करते. ‘लावलेली असेपर्यंत’ ही अट पुढे फार महागात पडली.

दातांच्या बाजूची कथा त्याहून जुनी. पिएर रोबँ या फ्रेंच दंततज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण बनवलं होतं. लहान जबड्यामुळे जीभ मागे पडते आणि श्वास कोंडतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. १९८२ मध्ये अमेरिकेत जीभ पुढे ओढून धरणाऱ्या उपकरणाचा अभ्यास आला आणि त्याच दशकात जबडा पुढे सरकवणाऱ्या क्लिपा वापरात आल्या. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने १९९५ मध्ये त्यांच्यासाठी पहिली मार्गदर्शक सूचना काढली. २०१५ मध्ये झोपतज्ज्ञ आणि दंतवैद्य अशा दोन्ही संघटनांनी मिळून ती नव्याने लिहिली. ज्यांना सीपॅप सोसवत नाही किंवा नकोशी वाटते, त्यांना काहीच न देण्यापेक्षा दंतवैद्याने मापावर बनवलेली क्लिप द्यावी, असं तिचं सार आहे.

ही क्लिप काम कशी करते ते नीट पाहायला हवं, कारण गैरसमज इथेच होतात. वरच्या आणि खालच्या दातांचं माप घेतात, खालचा जबडा जास्तीत जास्त किती पुढे येतो ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्याच्या साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश अंतरावर जबडा धरून ठेवतील अशा दोन पट्ट्या बनवतात. जबडा पुढे आला की त्याला जोडलेली जीभही पुढे येते आणि तिच्या मागची वाट रुंदावते. बाजूला बारीक स्क्रू असतो. पेशंटला सोसेल तसा जबडा काही आठवडे थोडा-थोडा पुढे घ्यायचा. सकाळी क्लिप काढल्यावर दात नेहमीसारखे जुळत नाहीत, म्हणून काही मिनिटं जबड्याचा व्यायाम करायचा. शेवटी क्लिप तोंडात ठेवूनच पुन्हा झोपेची तपासणी करायची. ही शेवटची पायरी गाळली, तर घोरणं थांबलं पण श्वास अडणं चालूच राहिलं, असं होऊ शकतं.

पहिला आक्षेप असा, आणि तो रास्त आहे, की मशीनइतकं काम क्लिप करत नाही. सिडनीतल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेच दिसलं. त्याच पेशंटांनी महिनाभर सीपॅप आणि महिनाभर क्लिप वापरली. श्वास अडण्याचं प्रमाण सीपॅपने तासाला सरासरी साडेचारवर आणलं, क्लिपने अकरावर. पण सीपॅप रात्री सरासरी ५.२ तास वापरली गेली आणि क्लिप साडेसहा तास. रक्तदाब, दिवसाची पेंग, गाडी चालवण्याची चाचणी यांत क्लिप मागे पडली नाही. आता २०१६ची ‘सेव्ह’ चाचणी शेजारी ठेवा. भारतासह सात देशांतले २,७१७ पेशंट, सगळे आधीच हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचे. सीपॅपने त्यांचे पुढचे झटके कमी झाले नाहीत, आणि रात्रीचा सरासरी वापर होता ३.३ तास. मशीन कुचकामी आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. रात्रभर न लावलेली मशीन अर्धा इलाज करते, एवढाच अर्थ काढतो. त्यात मशीन चालते विजेवर. ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षं सोसली आहेत, आणि आजही पावसाळ्यात रात्री वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. क्लिपेला वीज लागत नाही. आजार तीव्र असेल तर मात्र पहिला हक्क मशीनचाच, यात मला शंका नाही.

दुसरा आक्षेप दातांचा. वर्षानुवर्षं क्लिप वापरली की पुढचे दात दीड-दोन मिलिमीटर सरकतात, चावा बदलतो, काहींचा जबड्याचा सांधा दुखतो. हे खरं आहे आणि पेशंटला आधीच सांगायला हवं. पण माझ्या मते दिग्रसमध्ये याहून मोठी अडचण खर्र्याची आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा विदर्भात गल्लोगल्ली मिळतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी ही सवय सुटलेली नाही. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठ होतं आणि तोंड उघडेनासं होतं. ज्याच्या तोंडात दोन बोटंही आडवी जात नाहीत, त्याचं माप घेणार कसं? शिवाय क्लिप धरून ठेवायला वर-खाली पुरेसे पक्के दात लागतात. म्हणजे ज्या वयात हा आजार बळावतो, त्या वयापर्यंत खर्रा अनेकांची ही वाट बंद करून टाकतो. खर्रा सोडायला सांगताना कॅन्सरच्या जोडीला हेही सांगितलं पाहिजे.

तिसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो : दंतवैद्यांनी या आजारात पडावंच का? निदान त्यांनी करू नये, हे मान्य. घोरण्यावर म्हणून ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची पट्टी तर कुणीच परस्पर वापरू नये. ती आवाज दाबते आणि आजार झाकते. पण संशय दंतवैद्याला सर्वांत आधी येऊ शकतो. मागे गेलेली हनुवटी, अरुंद टाळू, जिभेच्या कडेवर उमटलेले दातांचे ठसे, रात्री खाऊन झिजलेले दात, मोठे टॉन्सिल, हे सगळं त्याला उजेडात, तोंड उघडं असताना दिसतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसह हा आजार होता. तो शहराचा आकडा, दिग्रसला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी याच्या निम्मं प्रमाण धरलं, तरी इथल्या प्रत्येक दातांच्या दवाखान्यात असे पेशंट येऊन जात असणार. त्यांत रात्री ट्रक आणि ट्रॅव्हल्स चालवणारेही असतील, आणि त्यांची पेंग फक्त त्यांच्याच जिवावर बेतत नाही.

दारव्हा किंवा आर्णीमार्गे यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढे सावंगीला आणि नागपूरला दंत महाविद्यालयं आहेत. वाट लांबची आहे, पण आहे. म्हणून दिग्रसच्या दंतवैद्यांना विनंती : दात तपासताना घोरता का, दिवसा पेंग येते का, बीपी आहे का, झोपेत श्वास थांबतो असं घरच्यांनी कधी सांगितलं का, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं ‘हो’ आली, तर क्लिपेचं माप घेण्याआधी स्लीप स्टडीची, म्हणजे झोपेच्या तपासणीची, चिठ्ठी लिहून द्या. आणि ज्यांच्या घरात कुणी झोपेत मधेच श्वास थांबवून दचकून घोरतं, त्यांनी डॉक्टरकडे पेशंटला एकटं पाठवू नये. सोबत जावं, कारण रात्री काय होतं ते फक्त त्यांनीच पाहिलेलं असतं.