'ग्लिमर': अर्थ आणि प्रयोग

इंग्रजीतील 'ग्लिमर' हा शब्द मंद, थरथरत्या प्रकाशाचा वाचक होय. मध्ययुगीन इंग्रजीत 'तेजाने चमकणे' असाही त्याचा अर्थ होता. पुढे ती तीव्रता ओसरून क्षीणतेची छटा उरली. 'ग्लीम' व 'ग्लिम्प्स' हे त्याचे सगोत्र शब्द. त्याच्या अंती येणारा 'अर' हा पौनःपुन्यदर्शक प्रत्यय 'फ्लिकर', 'शिमर' यांतही आढळतो. मराठी हेच कार्य द्विरुक्तीने साधते: मिणमिणणे, लुकलुकणे.

लाक्षणिक प्रयोगात 'ग्लिमर' प्रायः आशा, आकलन, आस्था अशा इष्ट भावांशी जोडला जातो. निराशेचा 'ग्लिमर' सहसा कोणी म्हणत नाही. उलट 'मिणमिणता' या विशेषणाचा कल दैन्याकडे आहे. प्रकाश तितकाच मंद. परंतु इंग्रजी शब्द उजळण्याची शक्यता सुचवितो, तर मराठी शब्द विझण्याची भीती. म्हणूनच अनुवादक 'आशेचा किरण' योजतात. त्यात इष्टता राखली जाते, पण अनिश्चितता हरपते; कारण किरण सरळ व स्थिर असतो. मूळ वाक्यातील आशा डळमळती असेल, तेथे 'अंधुक आशा' हाच अधिक प्रामाणिक पर्याय ठरतो.