घरचा ग्रुप आणि घरची चाहूल

लातूरच्या एका सेवानिवृत्त गुरुजींची ही हकिगत. वय सत्तरीच्या पुढे, पत्नी हयात नाही, मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास धुणेभांडी करणाऱ्या बाई आल्या, तेव्हा गुरुजी न्हाणीघराच्या दारात पडलेले होते. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडे, बोलणे बंद. मला बोलावणे आले. मोठ्या दवाखान्यात हलवण्याची तजवीज करता करता मी मुलाला फोन लावला आणि पक्षाघातात सर्वांत आधी विचारायचा प्रश्न विचारला, "बाबा शेवटचे ठणठणीत कधी होते?"

उत्तर कोणालाच देता आले नाही.

हा प्रश्न का, ते सांगतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेही सीटी स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. रोगी नेमका कधी पडला हे ठाऊक नसेल, तर तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून वेळ मोजतात. गुरुजींची वेळ आदल्या रात्रीपासून मोजावी लागली आणि इंजेक्शनची संधी गेली. ते वाचले, पण उजवी बाजू अजून अधू आहे, शब्द जुळत नाहीत.

मनाला लागले ते वेगळेच. या कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅपवर तीसेक माणसांचा ग्रुप आहे. गुरुजी रोज सहाच्या ठोक्याला फुलांचे चित्र पाठवून 'शुभ सकाळ' म्हणत. त्या दिवशी ते आले नाही. पण नातवाचा वाढदिवस होता, शुभेच्छांचा पाऊस पडत होता, त्यात कोणाच्या ध्यानातच आले नाही. मुलगा मला म्हणाला, "डॉक्टरकाका, आम्ही सगळे तिथंच होतो हो." मी त्याला दोष देत नाही. ग्रुपवर कोण बोलले ते दिसते. कोण गप्प आहे ते दिसत नाही.

पूर्वी गल्लीत उलटे होते. शेजारच्या अंगणात सडा पडला नाही, दूधवाल्याच्या हाकेला ओ आली नाही, की पाच मिनिटांत कोणीतरी कडी वाजवी. मुद्दाम पाळत ठेवत कोणी बसत नसे. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, चाहूल. दूरदूर असलेल्या माणसांना एकमेकांची अशी चाहूल संगणकातून कशी द्यावी, यावर जगात १९८० च्या दशकापासून अभ्यास चालू आहे. जपानच्या झोजिरुशी कंपनीने २००१ साली चहाचे पाणी तापवणारी एक विजेची किटली काढली. एकट्या आईने किटली वापरली की त्याची नोंद होते आणि ती दूरच्या मुलाला ईमेलने कळते. कॅमेरा नाही, चौकशी नाही. आईने चहा घेतला, म्हणजे ती उठली!

चाहूल चुकीच्या रीतीने मिळाली तर तीही बाधते. नांदेडहून लेकीकडे आलेल्या एका आजीबाई माझ्याकडे आल्या. झोप नाही, रक्तदाब वाढलेला. चौकशीत कळले की रात्री दोनला उठून अमेरिकेतील मुलाचे 'लास्ट सीन' पाहतात. "लेकरू जागंच दिसतंय डॉक्टरसाहेब, झोपतं तरी कधी?" इथे रात्रीचे दोन म्हणजे तिथे उन्हे असतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या भागातील पुष्कळ मुले पुण्यात सॉफ्टवेअर लिहितात. त्यांनी नावासमोर तिकडची वेळ दाखवली तरी माझ्या गोळ्या वाचतील.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गावाकडची माणसे आहेत की गेली, हे बाहेरगावच्या कित्येक नातलगांना लवकर कळेना. पुढे २०१४ साली फेसबुकने 'मी सुखरूप आहे' असे एका बटणाने कळवण्याची सोय काढली. आपत्तीत जे सुचले, ते रोजच्यासाठीही हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जून २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा जाणवतो. तो नुसता मनाचा विषय नाही. त्याने हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो.

सॉफ्टवेअर सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर मोठा ग्रुप राहू द्या, पण आईवडील, मुले आणि एक शेजारी एवढ्यांचाच वेगळा ग्रुप करा. त्यात फुले नकोत, सुविचार नकोत. सकाळी उठल्यावर फक्त एक अंगठा. ठरल्या वेळेपर्यंत तो आला नाही तर मुलाने फोन करावा, उचलला नाही तर शेजाऱ्याने जावे. म्हणून घराची एक किल्ली शेजारी असू द्या. हे सारे आईवडिलांना विचारून करा. न विचारता घरात कॅमेरा लावणारी मुले मी पाहिली आहेत. एका आजोबांनी त्यावर टॉवेल टाकला होता, आणि मला त्यांचे चुकले असे वाटले नाही.

तोंड वाकडे होणे, हात अचानक गळणे, बोबडे बोलणे यांपैकी काहीही दिसले तर तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि रोगी शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.