बोटीवरचे शंभर डॉलर

आमचं श्रीपूर म्हणजे माळशिरस तालुक्यातलं साखर कारखान्याचं गाव. जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि मोठं पाणी म्हणाल तर नीरा उजव्या कालव्याचं! अशा गावातून आम्ही चौघं मे २०२४ मध्ये थेट सिंगापूरला गेलो आणि तिथून तीन रात्रींच्या क्रूझवर. चौघं म्हणजे मी, माझ्या सासूबाई (मुलांची आजी), नववीतली लेक आणि पाचवीतला धाकटा. मुलांच्या बाबांना रजा मिळाली नाही.

सहल कंपनीच्या कागदावर एक ओळ होती : 'खोलीमागे १०० डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट.' म्हणजे काय, तर बोटीवर खर्च करायला बोट कंपनीनेच आपल्या खात्यात आगाऊ जमा केलेले पैसे. तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे आठ हजार तीनशे रुपये, आणि तेही फुकट! मुलांनी विमानातच यादी केली. व्हिडिओ गेम, रंगीत सरबतं, टोपी, फ्रेममधला फोटो. आजी मात्र सारखी एकच विचारत होती, "आगं, फुकट कशापायी देत्यात?"

प्रश्न अगदी बरोबर होता. बोट सुटली की रिकामी खोली ही नासलेल्या दुधासारखी, तिचा पैसा पुन्हा मिळत नाही. म्हणून खोल्या भरण्यासाठी कंपन्या आमिष दाखवतात. भाडं कमी केलं तर तेवढे रोख पैसे जातात. क्रेडिट दिलं तर ते बोटीवरच्याच दुकानात, हॉटेलात परत येतं. शंभर डॉलरचा माल कंपनीला काही शंभर डॉलरला पडत नाही. शिवाय शंभराच्या नादाने माणूस दीडशे खर्चतो, आणि कुणी विसरला तर तेही कंपनीच्या पथ्यावरच!

बोटीवर पाऊल ठेवलं की हातात एक कार्ड येतं. त्यानेच खोलीचं दार उघडायचं आणि त्यावरच खरेदी करायची. नोटा, नाणी कुठेच दिसत नाहीत. पूर्वी असं नव्हतं. तेव्हा बोटीवर 'पर्सर' नावाचा अधिकारी पैशांचा कारभार बघायचा. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वर तुर्की स्नान करायचं तर त्याच्या कचेरीतून एक डॉलरचं तिकीट घ्यावं लागे. खिशातून डॉलर गेला की कळायचं तरी! कार्डाने काही कळत नाही. आमच्या धाकट्याला तर पहिल्या संध्याकाळी वाटलं, कार्ड टेकवलं की वस्तू आपलीच. नशीब, मी काउंटरवर सांगून मुलांच्या कार्डांवरची खरेदी आधीच बंद करून घेतली होती. पालकांनो, ही सोय असते. पहिल्याच दिवशी विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने खोलीतल्या टीव्हीवर आमचं खातं उघडलं आणि किंचाळलीच. "आई, छत्तीसच डॉलर उरलेत!"

आम्ही तर एक पैसा खर्च केला नव्हता. मग चौसष्ट गेले कुठे? काउंटरवर विचारलं, तेव्हा कळलं की सेवाशुल्क, म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी, माणशी रोज १६ डॉलर आपोआप कापली जाते. चार माणसं, चौसष्ट. तीन रात्रींचे १९२! सगळं क्रेडिट त्यात जाणार होतंच, वर आणखी ९२ डॉलर, म्हणजे साडेसात हजारांवर रुपये माझ्या पदरचे. मी वरखर्चाला दहा हजार बाजूला ठेवले होते. हे सगळं सहल कंपनीच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं. दोष कुणाला देणार?

मुलांची तोंडं एवढीशी झाली. तेवढ्यात शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, एक फॉर्म भरून द्या. हे शुल्क काढून टाकतात. आम्ही तेच केलंय." खरंच, त्या बोटीवर तशी सोय होती. मुलं नाचायला लागली. शंभरच्या शंभर परत!

मीही विरघळले, खोटं कशाला सांगू? पण आमची खोली आवरणारा मुलगा सावंतवाडीकडचा होता. कोकणातली आणि गोव्यातली मुलं बोटींवर नोकरी करतात, गोव्यात त्यांना 'तारवटी' म्हणतात. आजीचं नऊवारी बघून पहिल्याच दिवशी त्याने मराठीत विचारलं होतं, "आजी, गरम पाणी आणून देऊ काय?" रोज संध्याकाळी टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड करून पलंगावर ठेवायचा. तो म्हणाला होता की सात महिने घर बघितलेलं नाही. धाकट्याने त्यालाच जाऊन विचारलं, "ते सोळा डॉलर तुम्हाला मिळतात का?" तो हसला. "सगळे नाहीत रे. स्वयंपाकघर, धुलाई, सगळ्यांत वाटतात. पण पगारात त्याचा हिशेब असतो."

खोलीत चर्चा झाली. लेक म्हणाली, "पण आपल्याला आधी सांगायला नको होतं का?" तिचंही चुकत नव्हतं. आजी पलंगावर मांडी घालून ऐकत होती. म्हणाली, "ऊसतोडीच्या टोळीचं पैसं कापून दिवाळी करत्यात व्हय?" फॉर्म भरला नाही. लेक त्या दिवशी जेवणापर्यंत बोलली नाही.

उरले किती? हिशेब धाकट्याने केला. वरखर्चातले जेमतेम २८ डॉलर. मग ते कशावर घालवायचे हे मुलांनीच ठरवलं. बोटीच्या फोटोवाल्याने आजीचा कठड्याजवळचा फोटो काढला होता, मागे नुसता समुद्र. वीस डॉलर! आठ उरले, त्यात सरबत.

ह्या फजितीतून मी जे शिकले ते तुम्हालाही सांगते. क्रेडिट म्हणजे बक्षीस नव्हे. जे पैसे आपण तसेही देणार होतो, ते त्यातून गेले तरच खरी बचत. सेवाशुल्क, बंदरावरची सहल, धुलाई हे आधी. टोपी तर पंढरपूरलाही मिळते. नेहमीचं जेवण, पोहण्याचा तलाव आणि नाटक-गाण्याचे कार्यक्रम बहुधा भाड्यातच असतात. वेगळ्या हॉटेलातलं जेवण, बाटलीतली पेयं, इंटरनेट आणि फोटो ह्यांचे पैसे पडतात. जुगाराच्या टेबलावर असं क्रेडिट बहुतेक चालत नाही, ते एक बरंच! काही वस्तू बोट सुटण्याआधी स्वस्तात राखून ठेवता येतात, पण त्यासाठी हे क्रेडिट बरेचदा वापरता येत नाही. म्हणून दोन्ही भाव बघायचे.

आणि गंमत ऐका. बोट पेनांग बंदरात लागली, तेव्हा आतली दुकानं चक्क बंद! तिथला माल करमुक्त असतो, म्हणून बंदरात असताना विकत नाहीत. खरेदी शेवटच्या क्षणावर ठेवणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

आपल्याकडेही मुंबईहून ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' गोव्याला जाऊ लागली, २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'ची मोठी बोट आली. कुठल्याही बोटीचं तिकीट काढताना एवढं विचाराच : सेवाशुल्क भाड्यात आहे का? क्रेडिट माणशी की खोलीमागे? उरलं तर परत मिळतं की बुडतं? कंपनीने दिलेलं बहुधा बुडतं. नातेवाइकाने पैसे भरून भेट दिलेलं असेल तर कधी कधी परत मिळतं.

बुडण्याचं आजीला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्याकडे कारखान्याच्या सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते. आजोबा गेल्यापासून ते कार्ड आजीच सांभाळते, पत्र्याच्या डब्यात. मुदत कधी संपते हे तिला तोंडपाठ असतं. त्यामुळे शेवटच्या संध्याकाळी तीच मुलांच्या मागे लागली, "बगा रं त्यो हिशेब, उद्या सकाळी कोण ऐकायचं न्हाई."

धाकटा टीव्हीसमोर बसून एकेक ओळ वाचत गेला. सेवाशुल्क बरोबर. फोटो बरोबर. सरबत बरोबर. आणि खाली दोन थंड पेयं, नऊ डॉलर. आम्ही ती घेतलीच नव्हती! दोघं भावंडं काउंटरवर गेली. लेकीने इंग्रजीत सांगितलं, धाकटा नुसता बोट दाखवत होता. काउंटरवरच्या बाईंनी पावती काढून बघितली, सही दुसऱ्याच खोलीची निघाली. नऊ डॉलर वजा झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काउंटरपुढे रांग जिन्यापर्यंत गेली होती.

आजीचा फोटो आता श्रीपूरला बाहेरच्या खोलीत लावलाय. आलेल्या प्रत्येकाला ती आधी समुद्र दाखवते आणि मग किंमत सांगते.