निर्वासितांचे विद्यार्थी-वकील

क्लिनिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टरांचा दवाखाना उभा राहतो. अमेरिकेतील कायदा महाविद्यालयांतही क्लिनिक असते. वैद्यकीय विद्यार्थी जसा वॉर्डात रुग्णाजवळ उभा राहून शिकतो, तसा कायद्याचा विद्यार्थी तेथे खऱ्या अशिलाचे खरे प्रकरण चालवून शिकतो. अशाच एका क्लिनिकमध्ये मी शिकवतो. स्वदेशातील छळाला भिऊन आलेली, आश्रय मागणारी माणसे हे आमचे अशील. आपल्या महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी या नात्याने या कामाची थोडी ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख.

आधी कायदा थोडक्यात पाहू. 1951 चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार व त्याला जोडून झालेला 1967 चा पूरक करार यांतील निर्वासिताची व्याख्या अमेरिकेने 1980 च्या कायद्यात घेतली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने आपला छळ होईल, अशी 'सकारण भीती' अर्जदाराला दाखवावी लागते. छळाची शक्यता दहात एक असली तरी भीती सकारण ठरू शकते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली म्हटले. ऐकायला हे उदार वाटते. परंतु अर्जदार कितीही गरीब असला, तरी त्याला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. म्हणूनच प्राध्यापक-वकिलाच्या देखरेखीखाली, मोबदला न घेता, त्याची बाजू मांडण्याची मुभा विद्यार्थ्यांना आहे.

आमच्याकडे दोन विद्यार्थ्यांना मिळून एक प्रकरण दिले जाते. अशिलाची मुलाखत, प्रतिज्ञापत्र, पुरावे, साक्षीची तयारी, न्यायाधीशांपुढील युक्तिवाद हे सारे त्यांनीच करायचे. मी दर आठवड्याला त्यांच्याबरोबर बसतो आणि शक्यतो प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतो. आयती उत्तरे दिली, तर विद्यार्थी माझे कारकून होतील, वकील होणार नाहीत. पण कोणी विचारील, एखाद्याच्या जिवाशी गाठ असताना ही शिकवणी कशाला? हा प्रश्न मलाही सतावतो. का, ते एका अनुभवावरून सांगतो. ओळख पटेल असा तपशील त्यातून वगळला आहे.

आमचा एक अशील इथिओपियातील ओरोमो समाजाचा तरुण होता. निदर्शनांत भाग घेतला म्हणून पोलिसांनी त्याला पकडून मारहाण केली होती. प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात अटकेची तारीख होती नोव्हेंबर 2016. डॉक्टरांचा दाखला मात्र जानेवारी 2016 चा. म्हणजे मार बसण्याआधीच उपचार! 2005 च्या कायद्याने अशी लहानशी विसंगतीसुद्धा अर्जदाराला खोटे ठरवण्यास पुरू शकते.

मला कारण लगेच कळले. इथिओपियाचे स्वतःचे पंचांग आहे. त्यांचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते. इसवी सन काढण्यासाठी त्यात डिसेंबरअखेरपर्यंत 7 आणि पुढे 8 मिळवावे लागतात. आपण नाही का, शकात एरवी 78, पण माघ-फाल्गुनात 79 मिळवत? अशिलाने सांगितलेला महिना होता हिदार, वर्ष 2008. म्हणजे 2015 चा नोव्हेंबर. भाषांतर करताना दुभाष्याने सरसकट 8 मिळवले होते.

हे मी सांगितले नाही. "त्यांना शोधू दे," म्हणून गप्प बसलो. पुढच्या भेटीत त्यांतील एका विद्यार्थ्याने अशिलाला पोलिसी थाटात विचारले, "यांतली खरी तारीख कोणती?" तो तरुण एकदम गप्प झाला. त्याचे हात थरथरू लागले. भेट तेथेच थांबवावी लागली. मग मी विद्यार्थ्यांना एवढेच विचारले, "त्याने वर्ष सांगितले ते कोणत्या पंचांगातले?" दोघांनी रात्रभर बसून हिशेब जुळवला आणि दुसऱ्या दिवशी अशिलाची क्षमा मागितली. परंतु खरी चूक माझी होती. माझ्या मौनाची किंमत विद्यार्थ्यांनी नव्हे, त्याने मोजली.

तेव्हापासून मी एक मर्यादा पाळतो. कागदावरची, दुरुस्त होणारी चूक विद्यार्थ्यांनी शोधावी. पण देशात आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करण्याची मुदत संपत असेल, किंवा अशिलाची जखम उघडी पडणार असेल, तर तेथे मी बोलतो.

अविश्वासाचा घाव किती खोल असतो, हे फौजिया कासिंजाच्या प्रकरणावरून दिसते. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या छेदनाची प्रथा टाळण्यासाठी टोगोतून पळालेली ही 17 वर्षांची मुलगी डिसेंबर 1994 मध्ये न्यूअर्कला उतरली. आश्रय मागताच तिला कोठडीत टाकले गेले. 1995 साली न्यायाधीशांनी तिची हकीकत अविश्वसनीय ठरवली. कायद्याच्या एका विद्यार्थिनीने चिकाटी सोडली नाही. तिच्या विद्यापीठातील क्लिनिकच्या प्रमुख कॅरन मुसालो यांनी अपील लढवले आणि जून 1996 मध्ये तीच हकीकत विश्वासार्ह ठरून तिला आश्रय मिळाला. निकालपत्रात मात्र तिचे आडनाव चुकीचेच छापले गेले!

आमच्या तरुणाची सुनावणी अजून व्हायची आहे. ते दोघे विद्यार्थी पदवी घेऊन गेले. फाइल आता नव्या जोडीकडे आहे. जुन्या जोडीने पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे : "वर्ष लिहिण्यापूर्वी पंचांग विचारा. आणि खोटे म्हणण्यापूर्वी स्वतःला विचारा."

त्यातले दुसरे वाक्य मी शिकवलेले नाही.