अल्जुबारोता : सूर्यास्ताला ठरला राजा

कधी, कुठे : १४ ऑगस्ट १३८५, मध्य पोर्तुगाल.

वाद : १३८३मध्ये राजा फर्नांदो वारला; गादीला मुलगा नव्हता. जावई, कास्तीलचा राजा हुआन, याने हक्क सांगितला. फर्नांदोचा अनौरस सावत्र भाऊ जोआंव आडवा आला.

डावपेच : कास्तीलची फौज कितीतरी मोठी. पण सेनापती नूनो आल्वारेस परेरा याने उंचवट्यावरची चिंचोळी जागा धरली, पुढे खंदक-खड्डे खणले. सोबतीला इंग्रज तिरंदाज होते. कोंडीत सापडलेले घोडदळ कापले गेले.

निकाल : हुआन पळाला. जोआंवच्या अविस घराण्याची गादी पक्की झाली.

खूण : जवळच विजयाप्रीत्यर्थ उभारलेला बाताल्याचा मठ.

गोव्याशी धागा : १५१०मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला, तेव्हा लिस्बनच्या गादीवर जोआंवचा पणतू मनुएल होता.