खाटेच्या कठड्यावरचा अदृश्य मुक्काम

रुग्ण बरा होण्यासाठी रुग्णालयात दाखल होतो. परंतु कधी कधी मूळ आजार आटोक्यात येत असतानाच त्याला दुसरा संसर्ग गाठतो. अतिदक्षता विभागातील अशा संसर्गांमागे अनेकदा ‘ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी’ हा जिवाणू असतो. नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जिवाणूंची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केली. कार्बापेनेम गटातील प्रभावी प्रतिजैविकांनाही न जुमानणारा हा जिवाणू तिच्यात सर्वांत गंभीर वर्गात होता. २०२४ च्या सुधारित यादीतही तो तेथेच आहे.

ॲसिनेटोबॅक्टर या नावाचे मूळ ‘हालचाल न करणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. त्याला पोहण्यासाठी शेपटीसारखा अवयव नाही. तरीही तो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत पोहोचतो, कारण त्याला वाहून नेणारे हात असतात. कोरड्या पृष्ठभागावर तो अनेक दिवस, प्रसंगी काही आठवडे तग धरतो. खाटेचा कठडा, यंत्राचे बटण, दाराची मूठ ही त्याची मुक्कामाची ठिकाणे. नळ्यांच्या आतील बाजूस हे जिवाणू एकत्र येऊन चिकट थर तयार करतात. त्या थरात औषधांचा प्रभाव पुरेसा पडत नाही.

निरोगी माणसाला हा जिवाणू सहसा अपाय करीत नाही. अखंड त्वचा आणि सक्षम प्रतिकारशक्ती त्याला थोपवून धरतात. मात्र कृत्रिम श्वासासाठी घातलेली नळी, शिरेतील सुई, लघवीची नळी किंवा भाजल्याची जखम यांमुळे त्याला आत शिरण्याची वाट मिळते. त्यातून न्यूमोनिया होतो किंवा संसर्ग रक्तात पसरतो.

औषध निष्प्रभ करण्याच्या त्याच्या युक्त्या अनेक आहेत. तो औषधाचे रेणू तोडणारी विकरे तयार करतो, आत शिरलेले औषध बाहेर फेकतो, प्रवेशाची छिद्रे कमी करतो आणि औषध जेथे आघात करते ती जागाच बदलतो. शिवाय ही विद्या सांगणारी जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. प्रतिजैविकाचा वापर झाला की दुर्बल जिवाणू मरतात, बलिष्ठ उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानातच या धोक्याचा इशारा दिला होता. आज अनेकदा डॉक्टरांना कोलिस्टिनसारख्या जुन्या औषधाकडे वळावे लागते, आणि ते मूत्रपिंडाला इजा करू शकते.

या शत्रूविरुद्धचा एक उपाय मात्र साधा आहे. व्हिएन्नातील एका प्रसूतिकक्षात एप्रिल १८४७ मध्ये शंभरातील अठरांहून अधिक माता दगावत होत्या. इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आले. तेथील रोगजंतू वेगळे होते. परंतु हातांवाटे होणारा प्रसार रोखण्याचे तत्त्व आजही तेच आहे.

आजाऱ्याच्या भेटीस जाणे हा आपल्याकडे आपुलकीचा रिवाज आहे. तो पाळताना थोडे भान हवे. एका वेळी मोजक्यांनीच जावे, रुग्णाजवळ जाण्यापूर्वी आणि परतताना हात स्वच्छ करावेत, खाटेवर बसू नये, नळ्यांना स्पर्श करू नये. कोणी हात धुण्यास विसरले तर नम्रपणे आठवण करून द्यावी. त्यात अनादर नाही.

घरातही जबाबदारी आहेच. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. पाकिटावर तांबडी उभी रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये, उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत आणि सांगितलेला क्रम आपल्या मनाने मोडू नये. आज अनावश्यक घेतलेली गोळी उद्या कुणाच्या तरी, कदाचित आपल्याच घरातील वडीलधाऱ्यांच्या, उपचाराची वाट अडवू शकते.